निजलेली भिंत

मी एक जुनं इको-मशीन आहे, मित्रांनो. छाती न उघडता आतलं हृदय दाखवणं, हे माझं काम होतं. 'होतं' म्हणायला अजून जड जातं.

माझा जन्म एका पांढऱ्या दिव्यांच्या स्वच्छ कारखान्यात झाला. माझ्या लांब वायरच्या टोकाला साबणाच्या वडीएवढी मूठ होती. ती छातीवर टेकवली की तुम्हाला ऐकू न येणारा आवाज आत जाई, हृदयावर आपटून परत येई, आणि त्या पडसादांवरून मी पडद्यावर चित्र काढत असे. पहिलं हृदय पाहिलं ते मला तपासणाऱ्या कारागिराचं. त्याने स्वतःचाच शर्ट वर केला. काय ठणठणीत हृदय होतं ते! सगळ्या भिंती एका दमात आत येत, जाडजूड होत, पुन्हा सैल पडत. मला वाटलं, सगळी हृदयं अशीच असतात.

रुग्णालयात आल्यावर तो भ्रम फिटला.

बोळाच्या टोकाची खोली मला मिळाली. खिडकीला जाड पडदा, एक अरुंद खाट, शर्ट अडकवायला खुंटी. चित्र नीट दिसावं म्हणून दिवे मालवलेले. माणसं एकेक करून येत, डाव्या कुशीवर वळत, माझ्याकडे पाठ करून पडत. त्यांच्या काळजाचा ठाव मला लागे, चेहरा मात्र धड दिसत नसे. काम झालं की बटणं लावत निघून जात. मला कुणी 'येतो हं' म्हटल्याचं आठवत नाही.

त्यातल्या त्यात जवळच्या होत्या त्या डॉक्टरबाई. छातीला लावायच्या जेलची बाटली त्या आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करत. मगच माझी मूठ उचलत.

एकदा पोहायला शिकवणारे एक गुरुजी आले. सगळे त्यांना 'मासा' म्हणत. सोबत परगावाहून आलेली त्यांची मुलगी होती. गुरुजी घरी एकटेच राहत. काही वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि आता सारखा दम लागत होता. दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांना सांगितलं होतं, पुढच्या भिंतीचा स्नायू मेलाय, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, गोळ्या घेत राहा.

"शेवटचं कधी पोहलात?" बाईंनी विचारलं.

गुरुजी शर्ट खुंटीला अडकवू लागले. "दोनेक वर्षं झाली असतील. पाण्यात पाय नाही घातला. काठावरूनच ओरडतो. पोरांना वाटतं, मासा कडक झालाय."

मुलगी ताडकन उठली. "बाबा! मला रोज फोनवर सांगता ना, आत्ताच पोहून आलो म्हणून?"

"खरं सांगितलं असतं तर सगळं टाकून धावत आली असतीस."

"मग? यायचं नव्हतं मी?"

गुरुजी खाटेवर डाव्या कुशीला वळले. मला मात्र त्यांचं ते कोरड्या अंगाने फोन करणं डोळ्यांपुढे आलं. फोन ठेवल्यावर पुन्हा तेच रिकामं घर.

बाईंनी मूठ टेकवली. बाकीच्या भिंती बिचाऱ्या धडपडत होत्या. पुढची निपचित पडून होती, जणू तिला कशाचं सोयरसुतकच नव्हतं.

"मेलीय का?" मुलीने हळूच विचारलं.

"एवढ्यावरून नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं रक्त कमी पडलं की स्नायू काम थांबवतो. जेमतेम जीव धरून निजून राहतो. मेलेलाही असाच दिसतो. आपण शिरेतून थोडं थोडं औषध देऊ. त्याने हृदय जोर धरतं. निजलेली असेल तर हलेल. आणि गुरुजी, छातीत दुखलं तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

"आता काय राहिलंय लपवायला," गुरुजी पुटपुटले.

औषध सुरू झालं. नर्स रक्तदाबावर लक्ष ठेवून होती. आधी काहीच झालं नाही. औषध जरा वाढवलं, आणि मित्रांनो, ती भिंत हलली! आधी कडेने, मग मधूनही. आत आली, जाडसुद्धा झाली. औषध आणखी वाढवलं तशी ती दमली, पुन्हा मंदावली.

"छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय," गुरुजी म्हणाले. बाईंनी तत्क्षणी औषध थांबवलं.

ओझं उतरल्यावर त्या म्हणाल्या, "जिवंत आहे. अंगात जोर आहे, पण रक्त पोचत नाही. टोकाचा तुकडा हलला नाही, तो गेलाय. खोटं नाही सांगणार. पण बाकीच्यासाठी शस्त्रक्रिया करून रक्ताला नवी वाट काढण्यात अर्थ आहे."

गुरुजींचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ मात्र हुंदक्यांनी हलत होती.

शस्त्रक्रियेचं काय झालं, हे मला कोण सांगणार? महिने गेले. दार उघडलं की वाटे, मासा असेल. असे दुसरंच कुणीतरी.

मग एका दुपारी ते मुलीसोबत आले. वाळलेले, छातीवर उभा व्रण. मूठ टेकली आणि मी पाहिलं. आता औषधाशिवाय ती भिंत हलत होती. त्या कारागिराच्या हृदयासारखी नव्हे, जरा लंगडत. पण हलत होती. टोक मात्र निपचितच होतं.

"पाण्यात उतरू?"

"उतरा. पण कमरेएवढ्या पाण्यात, हळूहळू. आणि एकट्याने अजिबात नाही."

"ही येईल की! साऱ्यांना शिकवलं आणि घरचीच कोरडी राहिली."

"मला नाही जमायचं, बाबा. मला पाण्याची भीती वाटते."

"मलाही वाटते आता. चल."

ती पोहायला शिकली का, मला कळलं नाही. लोक माझ्यापाशी गोष्ट अर्धीच ठेवून जात.

पुढे नवं, सडपातळ यंत्र आलं. बाई निवृत्त झाल्या. आता मी तळघरात आहे. शेजारी चाक निखळलेली खाट. वायर कुणीतरी काढून नेली. अंगावर जुने पडदे टाकलेत.

माझ्यासाठी हळहळू नका, मित्रांनो. यंत्र आहे, मोडीत निघायचंच. पण तुमच्या घरी कुणी जिना चढताना मधेच थांबून 'काही नाही रे, तू हो पुढे' म्हणत असेल, तर पुढे होऊ नका. त्याच पायरीवर त्यांच्या शेजारी बसा. आणि विचारा.