शिक्क्याखालची पेन्सिल

दर मंगळवारी दुपारी चारला पद्मिनीच्या फाटकावर काठी वाजायची. टक, टक, टक. शेजारच्या ओकामोतो-सान (जपानी 'सान' म्हणजे आपलं 'जी') काइरानबान घेऊन आलेल्या असायच्या. काइरानबान म्हणजे गल्लीतल्या अकरा घरांतून फिरणारी सूचनांची फळी. वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. पद्मिनी पुण्याची, घरून काम करणारी आयटीवाली. जपानात बारा वर्षं झाली तरी दाट जपानी मजकूर दिसला की तिची नजर पळ काढायची! त्यात चारला नेमकी मीटिंग. हेडफोन न काढता ती शिक्का उमटवी, हसून मान लववी आणि फळी पुढे पोचवी. आपण सोसायटीच्या नोटिशीवर सही ठोकतो ना, अगदी तसंच.

मार्चमध्ये ओकामोतो-सान गेल्या. वय चौऱ्याऐंशी, घरात एकट्या. गल्लीला तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि पुढच्या मंगळवारी चारला काठी वाजली.

पद्मिनीने दार उघडलं. फाटकापाशी कोणी नव्हतं.

"नुपूर, तू ऐकलंस?"

"नो, आई. यू नीड अ ब्रेक," बारा वर्षांची लेक पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

सलग चार मंगळवार हेच झालं. पाचव्या वेळी ती मीटिंग सोडून उठली आणि नुपूरला घेऊन गल्लीचे प्रमुख मोरिता-सान यांच्याकडे गेली. ते महापालिकेतून निवृत्त झालेले. काठीचं ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी कपाटातून जुन्या सूचनांची फाइल काढली.

"हे गेल्या वर्षीचं. दवाखान्याकडे जाणारी छोटी बस वर्षभर बंद ठेवून पाहायची, रहिवाशांनी मत कळवावं."

खाली अकरा नावं, अकरा शिक्के. पद्मिनीच्या लाल शिक्क्याखाली पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. नुपूरने ती अडखळत वाचली.

"पद्मिनी-सान, बस गेली तर मला दवाखान्यात जाता येणार नाही. मला नीट मांडता येत नाही. तुम्ही रोज कॉम्प्युटरवर लिहिता. माझं मत पाठवाल का?"

पद्मिनीने फाइल जवळ ओढली. त्या विनवणीवरच तिने शिक्का मारला होता!

"किती मतं आली होती?"

"एकही नाही." मोरिता-सान यांनी शेवटच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "हा माझा. मी ते वाचलं होतं. वाटलं, तुम्हाला सांगितलंय, तुम्ही कराल."

"बस असती तर त्या वाचल्या असत्या?"

"ते कोणीच सांगू शकणार नाही. मलाही तेच छळतं."

ते आत जाऊन नवी सूचना घेऊन आले. बस आता कायमची बंद होणार होती. मतांची महिन्याची मुदत शुक्रवारी संपत होती.

"पण मोरिता-सान, मी परदेशी. महापौरांपुढे माझं काय चालणार?"

"आपल्या शहराची सनद कधी वाचलीत? बस बंद करायचा अधिकार महापौरांना आहे. पण आधी तीस दिवस रहिवाशांना विचारायचं, आणि आलेल्या प्रत्येक मताला लेखी उत्तर द्यायचं, हे बंधनही त्यांच्यावरच आहे. आणि रहिवासी म्हणजे इथे राहणारा. पासपोर्टचा तिथे उल्लेख नाही. आपण गप्प बसलो की त्यांना बंधन उरत नाही, नुसता अधिकार उरतो!"

त्या संध्याकाळी पद्मिनीने नुपूरच्या मदतीने मत लिहिलं. सुरुवात ओकामोतो-सान यांच्या वाक्याने केली, त्यांच्या नावासकट. मग दोघी दारोदार फिरल्या. शुक्रवारी उरलेल्या दहाही घरांची मतं गेली. उत्तर आलं ते लेखी होतं: बस आठवड्यातून दोन दिवस पुन्हा सुरू होईल.

मंगळवार आणि शुक्रवार.

वाचकहो, सनद कितीही चांगली असो, ती कपाटात राहिली तर साहेबाचीच असते. ती आपली व्हायला आधी ती वाचावी लागते, मग बोलावं लागतं. न वाचता मारलेला शिक्का हीसुद्धा आपली संमतीच धरली जाते.

पद्मिनीला काठी अजून ऐकू येते. आता ती चारला मीटिंग ठेवत नाही. हेडफोन काढते, फळी मांडीवर घेते आणि समासासकट वाचते.