गोटूचा कान आणि मी खुळखुळा

मी एक खुळखुळा बोलतोय. पोकळ पोट, त्यात चिमूटभर दाणे आणि डोक्यात भरपूर हवा! कारखान्यात माझ्यासारखे ढीगभर होते, पण आवाजात माझा हात धरणारा एकही नव्हता. गोटू जन्मायच्या आधीच मी या घरात आलो. त्याच्या आईला सगळ्याचीच घाई आणि सगळ्याचीच धास्ती.

गोटू मला खाली टाकतो आणि कुठे पडलो ते वाकून बघतो. त्याची आत्या कॉलेजात विज्ञान शिकवते. ती म्हणते, हे भौतिकशास्त्र. मला चाटून तोंड वाकडं करतो, ते रसायनशास्त्र. मांजरीच्या तोंडात मला कोंबायला जातो, ते जीवशास्त्र. मांजरीचं मत कुणी विचारत नाही.

एकदा आईने मला वाजवलं आणि गोटूने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने लगेच सासूबाईंना, म्हणजे गोटूच्या आजीला, हाक मारली.

"अहो आई, याला ऐकू येत नाही वाटतं!"

आजीने मला गोटूच्या नाकासमोर नाचवलं. तो खुदकन हसला. "बघ! तुझं आपलं उगीच काहीतरी."

"पण त्याला खुळखुळा दिसला ना, आई. ऐकू आला कशावरून?"

आजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. आत्याने मात्र टाळीच दिली. "वहिनी, विज्ञान म्हणजे हेच! आधी शंका, मग अंदाज, मग तपासणी. मी मागून वाजवते."

तिने वाजवलं. गोटू वळला!

"झालं समाधान?" आजी म्हणाली.

कुठलं समाधान! "अहो आई, तुम्ही मागे बघितलंत, म्हणून त्यानेही बघितलं."

मग आई गोटूला मांडीवर घेऊन बसली. आजीला ताकीद मिळाली, नजर समोरच्या भिंतीवर. मी मागून जीव तोडून वाजलो. गोटू ढिम्म! पुन्हा वाजलो. ढिम्म! आईचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही दाणे थरथरले.

"थांब वहिनी. एकच गोष्ट बदलू. बाकी सगळं तसंच, फक्त आवाज दुसरा." आत्याने मागेच बसून वाटीवर हळूच चमचा वाजवला.

गोटू गर्रकन वळला!

"ताई, चमचा नुसताच हवेत हलवा बरं. वाऱ्याने वळत असेल तर?"

हलवला. गोटू ढिम्म. वाजवला. वळला! पुन्हा पुन्हा तेच.

"ऐकू येतंय गं बाई!" आई रडता रडता हसली. "तरी डॉक्टरांना एकदा दाखवतेच."

"मग खुळखुळ्याला का नाही वळला?" आत्या म्हणाली.

"कंटाळलाय तो," आजी म्हणाली. "दिवसभर तेच खुळखुळ. मलासुद्धा ऐकू येईनासं झालंय!"

सगळ्या हसल्या आणि माझी रवानगी खाटेखाली झाली. इथे मी धूळ खातोय.

पण तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय? गोटू मला कंटाळला, हा आजीचा नुसता अंदाज. तपासलाय कुणी? म्हणून हात जोडून, म्हणजे दांडा वाकवून, विनंती करतो. थोडे दिवस जाऊ द्या, मग मला बाहेर काढा आणि त्याच्या पाठीमागे वाजवा. वळला, तर कंटाळा होता तो विश्रांतीने गेला, म्हणजे आजीचा अंदाज खरा. आणि तेव्हाही तो वळला नाही, तर मी जन्मभर गप्प बसेन.