चार वाजताचा चहा

मोंघीबांनी डाळीची वाटी दोन बोटांनी पुढे ढकलली. वाटी ताटाच्या कडेवर आपटली आणि थोडी डाळ स्टुलावर सांडली.

"गूळ विसरलीस, की घातलाच नाहीस?"

"घातलाच नाही," दक्षा म्हणाली.

"मग हिला डाळ कशाला म्हणायचं? पिवळं पाणी आहे हे. तुझ्या माहेरी पीत असतील, आम्ही नाही पीत."

दक्षाने ओले फडके आणून स्टूल पुसले. तिचे माहेर काठेवाडातले, तिखट खाणाऱ्यांचे. सतरा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती खंभातला आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूने, मोंघीबांनीच, तिला गॅसपाशी उभे करून या घरच्या डाळीत गुळाचा खडा केवढा पडतो ते दाखवले होते. लिंबाएवढा. दोन वर्षांपूर्वी बांच्या रक्तातली साखर साडेतीनशेवर गेली आणि तेव्हापासून दक्षाने तो खडा कोणाला न सांगता लहान करत आणला. लिंबाचा आवळा झाला, आवळ्याची सुपारी, सुपारीचा हरभरा. आज तिने हरभराही टाकला नव्हता.

मोंघीबांनी दुधीच्या भाजीशी अर्धी रोटली चघळली आणि भाताला न शिवता ताटातच हात धुतले.

"भात तरी खा, बा. सकाळचं इंजेक्शन घेतलंय तुम्ही."

"भूक मेली माझी."

भिंत धरत, उजवा पाय टाचेवर टाकत त्या झोपाळ्याकडे गेल्या. त्या पायाच्या अंगठ्याखाली नवरात्राच्या आधीपासून जखम होती, रुपयाएवढी. उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, ती भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी बांच्या समोरच सांगितले होते. रोज सकाळी दक्षा जमिनीवर बसून तो पाय मांडीवर घेई, जुनी पट्टी सोडवी, जखम धुई आणि नवी पट्टी बांधी. तेवढा वेळ मोंघीबा खिडकीबाहेर बघत राहत. दोघी एक शब्द बोलत नसत. सासूने आपल्याकडे बघूसुद्धा नये, हे दक्षाला रोज नव्याने लागे.

साखर आणि गूळ दिवाळीपासून लोखंडी कपाटात होते आणि किल्ली दक्षाच्या कमरेला. पण त्यांच्या पोळीतल्या, म्हणजे त्या चिंचोळ्या गल्लीतल्या, सगळ्या घरांना ती कुलूप लावू शकत नव्हती. चार वाजले की मोंघीबा समोरच्या कपिलाबेनकडे जात आणि साडेपाचला परतत. आल्यावर उंबऱ्यातच थांबून, आत ऐकू जाईल असे म्हणत, "चहा करावा तो कपिलानं. दोन चमचे साखर, वर वेलची." मग पदराने ओठ टिपत. दक्षाने शेवटी डॉक्टरांच्या कानावर घातले, की बा रोज शेजारी गोड चहा पितात आणि कोणाचे ऐकत नाहीत. डॉक्टरांनी सुस्कारा टाकून इन्शुलिनचे इंजेक्शन चार युनिटांनी वाढवून दिले होते. त्याला आता महिना होत आला.

अडीचच्या सुमारास दक्षा मागच्या पडवीत मेथी निवडत बसली होती. नवरा, निमेष, जवळच्या तारापूरच्या शाळेत शिकवी. तो दिवेलागणीशिवाय येत नसे. घरात झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"दक्षा, गुळाचा खडा दे गं जरासा. कसंतरी होतंय मला."

दक्षाने मेथीची जुडी खाली ठेवली नाही. शरद पौर्णिमेला असेच झाले होते. बांना अचानक चक्कर आली होती, डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि गोड दूध-पोह्यांची वाटी मिळाली तरच ती जाईल असे त्यांचे म्हणणे होते. दक्षाने यंत्र लावले तर साखर दोनशे बारा. त्यानंतर बा उठून व्यवस्थित टीव्ही बघत बसल्या होत्या.

ती यंत्राचा डबा घेऊन झोपाळ्यापाशी आली.

"बोट द्या. बघते आणि मग देते."

"नाही देत. बोटांची चाळण केलीस माझ्या," मोंघीबांनी हात पदराखाली घेतला. "एक खडा मागितला. माझ्याच घरात."

"बोट नाही तर गूळ नाही."

मोंघीबांनी तिच्याकडे बघितले. त्या नजरेत एरवीची धार नव्हती. पण दक्षा तोवर वळली होती. ती पडवीत गेली आणि मेथीची पाने खुडू लागली, देठासकट, भराभर. जेवणापासूनचा राग अजून तिच्या बोटांत होता. दुपारची डाळ तशीच गटारात ओतावी लागली होती.

झोपाळ्याचा आवाज थांबला. आडव्या झाल्या असतील, तिला वाटले. थोड्या वेळाने आतून बोलणे ऐकू आले.

"दिवा लाव. मोठे बापूजी यायची वेळ झाली. डोक्यावर पदर घे."

मोठे बापूजी म्हणजे मोंघीबांचे सासरे. ते जाऊन चाळीस वर्षे झाली होती. दक्षाच्या ओठांवर मनाविरुद्ध हसू आले. आज नाटकात नवीन प्रवेश घातलाय, ती स्वतःशी म्हणाली. आता पुन्हा गूळ मागतील. ती त्या हाकेची वाट बघत राहिली. तिने एक जुडी संपवली, दुसरी सोडली. हाक आली नाही.

मग मात्र तिला ते मागणे थांबल्याचीच भीती वाटली. ती मेथी तशीच टाकून उठली.

मोंघीबा झोपाळ्याच्या एका कडीला टेकल्या होत्या. मार्गशीर्षातली थंडी असून त्यांचे पोलके भिजून अंगाला चिकटले होते. कपाळावरून घाम ओघळत होता आणि मांडीवरचे दोन्ही हात आपोआप थरथरत होते, जणू ते त्यांचे नव्हतेच. डोळे उघडे होते. पण ते दक्षाला ओळखत नव्हते.

"बा!"

तिने किल्ली ओढली तर साडीची निरी सुटली. ती तशीच एका हाताने धरून तिने कपाट उघडले, मूठभर साखर पेल्यात टाकली, पाणी ओतले आणि बोटानेच ढवळले. झोपाळ्यावर चढून तिने सासूचे डोके आपल्या खांद्यावर घेतले आणि पेला ओठांना लावला.

मोंघीबांनी दात घट्ट मिटले आणि मान फिरवली. अर्धे पाणी दक्षाच्या छातीवर सांडले.

"प्या, बा. साखरेचं आहे. प्या."

"नको." शब्द जड, एकमेकांत अडकलेले. "साखर नको म्हटलं ना तुला, कपिला. किती वेळा सांगू? बिनसाखरेचा दे."

दक्षाचा हात क्षणभर थांबला. मग तिने सासूची हनुवटी धरली, गाल दाबला आणि एक घोट आत सोडला. गिळला गेला. दुसरा सोडला. ती काय बोलत होती ते नंतर तिला आठवले नाही. लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तसे काहीतरी. पेला संपल्यावर तिने थरथरते बोट धरून टोचले. यंत्रावर चव्वेचाळीस आकडा आला. दोनशे बारा नाही. चव्वेचाळीस.

"कपिलामासी!" ती खिडकीतून ओरडली. या पोळीत ती आजवर कधी ओरडली नव्हती.

कपिलाबेन धावत आल्या, पायात चप्पलही नव्हती. दोघींनी मिळून मोंघीबांना आडवे केले, घाम पुसला, कोरडे पोलके घातले. दक्षाने आणखी अर्धा पेला पाजला. पंधरा मिनिटांनी आकडा बाहत्तरवर आला. हात शांत झाले. मोंघीबांनी डोळे फिरवून छताकडे, कपिलाबेनकडे आणि मग दक्षाच्या सुटलेल्या साडीकडे बघितले.

"ही अशी का उभी आहे?" त्यांनी क्षीण आवाजात कपिलाबेनना विचारले.

त्यांना रोटली आणि दूध देऊन झाले, डोळा लागला, तेव्हा दक्षा स्वयंपाकघरात गेली. कपिलाबेन तिच्या मागोमाग आल्या.

"मासी, एक विचारते," दक्षा म्हणाली. तिने त्यांच्याकडे बघितले नाही. "तुम्ही बांच्या चहात साखर किती घालता?"

कपिलाबेननी बाहेर झोपाळ्याकडे एकदा वळून बघितले.

"तिनं मला शपथ घातलीय."

"मला कळायला हवं, मासी. मी डॉक्टरांना सांगितलं होतं दोन चमचे म्हणून. त्यांनी त्या चहासाठी इंजेक्शन वाढवलंय."

कपिलाबेन पाण्याच्या माठाशेजारी खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी गुडघे चोळले.

"घालत नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर एक चमचासुद्धा नाही. बिस्किटही नाही. पहिल्या दिवशी मी कप पुढे केला तर म्हणाली, साखरेशिवाय दे. तोंड असं वाकडं करून प्यायली, मला हसू आलं. मी म्हटलं, मोंघी, पासष्ट वर्षं गोड खाल्लंस, आता काय झालं? तर म्हणाली..." त्या थांबल्या. "म्हणाली, रोज सकाळी ती माझा पाय मांडीवर घेते. मला माझ्याच पायाचा वास सोसत नाही, मी खिडकीकडे तोंड करते. तिनं एकदा नाक मुरडलं नाही."

दक्षाने नळ सोडला. हातातला पेला आधीच धुतलेला होता. तो तिने पुन्हा धुतला.

"मग घरी येऊन दोन चमचे का म्हणतात?"

"अगं, तिला ओळखत नाहीस का? तुला कळलं तर तू डोक्यावर बसशील म्हणते. सुनेनं सांगितलं आणि सासूनं ऐकलं, असं या पोळीत कोणी म्हटलेलं तिला चालेल का?" कपिलाबेन उठल्या. "मी काही बोलले नाही हं. माझं नाव येऊ देऊ नकोस."

त्या गेल्यावर दक्षाने पडवीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. तिने सगळे सांगितले: डाळ, टाकलेला भात, चव्वेचाळीस, आणि एक महिना न प्यायलेला तो गोड चहा. बांनी मागूनही आपण गूळ दिला नाही, हेही सांगितले. डॉक्टरांनी उद्यापासून सहा युनिटे कमी करायला सांगितली, परवा घेऊन या म्हणाले, आणि साखर यापुढे बांच्या हाताशी असली पाहिजे, कुलपात नाही, असे बजावले. फोन ठेवून दक्षा विखुरलेल्या मेथीत बसून राहिली. देठासकट खुडलेली ती पाने पुन्हा एकेक करून निवडायला तिला बराच वेळ लागला.

संध्याकाळी निमेष आला. बातमी त्याला पोळीच्या तोंडाशीच कळली होती. त्याने आईची नाडी बघितली, कपाळाला हात लावला, यंत्रातले आकडे मागे-पुढे करून वाचले. आणि आई ठीक आहे असे नक्की झाल्यावर त्याला राग आला. खिचडी-कढीची ताटे वाढली गेली तरी तो बोलतच होता. एवढी औषधे, एवढी पथ्ये, आणि तरी हे असे कसे होते? कोण काय लपवते या घरात?

"मला सरळ सांग, दक्षा," तो म्हणाला. "बा अजून त्या कपिलामासीकडे चहा पिते का?"

दक्षाच्या हातात कढीची पळी होती. समोर मोंघीबा खुर्चीत बसल्या होत्या, चेहरा अजून फिकट. त्यांचा घास हातातच राहिला. दुपारी आपण काय बोललो ते त्यांना आठवत होते की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नव्हते. पण त्या बघत मात्र दक्षाकडेच होत्या. खिडकीकडे नाही.

"पितात," दक्षा म्हणाली. "रोज. दोन चमचे साखर घालून. मी सांगून थकले."

मोंघीबांनी हातातला घास खाली ठेवला.

"पिते तर," मोंघीबा म्हणाल्या. "कोणाच्या बापाची भीती आहे का?"

"बा, तुझा अंगठा जाईल!"

"माझा अंगठा, माझी जीभ. तू तुझी खिचडी खा."

निमेषने हताशपणे बायकोकडे बघितले. "उद्यापासून तिला तिकडे पाठवूच नकोस."

"जाऊ दे त्यांना," दक्षा खाली बघत म्हणाली. "तेवढाच तासभर घरात मला शांतता मिळते."

"ऐकलंस?" मोंघीबा मुलाला म्हणाल्या. "मी घरात नको असते हिला."

दक्षाने तुपाची वाटी उचलली आणि सासूच्या खिचडीवर धार धरली. एक पळी झाली, दुसरी झाली.

"बस, बस," मोंघीबा म्हणाल्या. हात मात्र त्यांनी ताटावर आडवा धरला नाही.