ज्याचा पेला, त्याचा प्रश्न

वारा पिसाळला, बोटी बंद झाल्या आणि कॅलिरोईच्या कॉफीच्या दुकानात साक्षात ब्रुसेल्स येऊन बसलं! बेटावर अडकलेल्या या बाईचं नाव अनेलीस. ग्रीसला कर्ज देणाऱ्यांच्या कमिटीवरची. बेटावरचा दवाखाना या महिन्याअखेर बंद व्हायचा होता, तो याच कमिटीच्या हुकमाने. कॅलिरोईच्या सुनेला, फोतिनीला, सातवा महिना लागलेला. दवाखाना गेला तर पोर बोटीतच जन्मायचं, या धास्तीने सासूची झोप उडाली होती. तरी पाहुणीशी भांडायचं कसं? तिने मुकाट्याने उझोची दारू आणि भाजलेला ऑक्टोपस पुढे ठेवला.

मग पांतेलिस कोळ्याने एक पेला पाठवला, न्हाव्याने दुसरा. बाई बावरली. तिने पाकीट काढून नोटा टेबलावर ठेवल्या.

"आम्हाला फुकट काही घेता येत नाही. नियम आहे."

पाजलेल्याचे पैसे देणं म्हणजे तोंडावर थुंकणंच की! पण कॅलिरोईला त्यात आयतीच संधी दिसली.

"उचला त्या नोटा. तुमचा नियमही मोडायला नको. ज्याचा पेला, त्याचा एक प्रश्न. उत्तर दिलंत की फिटलं."

पांतेलिस टपूनच होता. "दवाखाना बंद करताना विचारलंत कुणाला?"

"तुमच्या मंत्र्यांना."

"तो म्हणतो, ब्रुसेल्सने सांगितलं!"

"आणि आम्ही म्हणतो, मंत्र्याने सही केली," बाई म्हणाली आणि स्वतःच ओशाळून हसली.

न्हाव्याने विचारलं, "तुम्हाला निवडून कुणी दिलं?"

"कुणीच नाही."

"मग काढणार कोण?"

"तेही... कुणी नाही."

"अगंबाई, म्हणजे तुम्ही सासूच की हो!" कोपऱ्यात बसलेली फोतिनी ओरडली.

दुकान हसून लोळलं. सगळ्यांत जास्त हसली ती कॅलिरोई. बाईच्या तर हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

हसू ओसरल्यावर कॅलिरोई म्हणाली, "आता माझा प्रश्न. वारा कधी पडेल देव जाणे. आज ऑक्टोपस बाधला, तर जाणार कुठे?"

बाईने रिकाम्या बशीकडे पाहिलं. "तुमच्या दवाखान्यात," ती पुटपुटली.

"दवाखाना हवा कुणाकुणाला? हात वर!" पांतेलिस गरजला.

सगळे हात वर गेले. फोतिनीने दोन्ही केले, एक पोटातल्याचा म्हणून. आणि हळूच अनेलीसचाही वर गेला.

"तुमचं मत इथं कुठलं, बाई?" न्हाव्याने विचारलं.

"बोट येईपर्यंत मी इथलीच ना?" ती म्हणाली. "मीटिंगमध्ये हेच प्रश्न विचारीन मी. काय ठरतंय ते पत्राने कळवते."

"पत्र नको. पत्रं पुष्कळ आली." कॅलिरोईने तिचा पेला काठोकाठ भरला. "बारशाला या. हो असो की नाही, इथे उभं राहून, पोराच्या तोंडावर सांगा."

अनेलीसने पेला उचलला.

"येईन," ती म्हणाली.