नमुना दिल्याची वेळ

सोमवार, दिनांक ९ डिसेंबर २०२४, सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटे, बाटल्या एक. पेणच्या माझ्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ही ओळ माझ्याच अक्षरात आहे. बाटली माझा मित्र सुलेमान याची होती आणि रोह्याजवळच्या निडी गावाहून आली होती. ती घेऊन आली त्याची मुलगी बतूल. ती पेणच्या एका शाळेत शिकवते आणि रोज रोह्याकडून येणाऱ्या गाडीने येते.

सुलेमान आणि मी तंत्रनिकेतनात तीन वर्षे एका बाकावर बसलो. पुढे मी प्रयोगशाळेच्या कामाचे शिक्षण घेतले आणि तो रोह्याजवळ एका रंगाच्या कारखान्यात लागला. एकतीस वर्षे नोकरी करून तो निवृत्त झाला. नोव्हेंबरच्या शेवटी त्याला लघवीतून एकदा रक्त गेले. दुखले काहीच नाही. सोनोग्राफी स्वच्छ आली, तरी रोह्याच्या डॉक्टरांनी सलग तीन दिवस लघवीतल्या पेशी तपासून घ्यायला सांगितले.

मूत्राशयाच्या अस्तरातून पेशी गळतात आणि लघवीबरोबर बाहेर येतात. त्यांत काही बिघडलेल्या असतील तर रंग दिलेल्या काचपट्टीवर त्या ओळखता येतात. मात्र लघवीत त्या फार वेळ टिकत नाहीत. तासा-दोन तासांत फुगतात आणि फुटतात. म्हणून बाहेरगावच्या रुग्णाला मी बाटलीत आधीच निम्मे स्पिरिट घालून देतो. त्यात पेशी जशाच्या तशा राहतात. अडतीस वर्षे हा नियम मी स्वतः पाळला आणि हाताखालच्यांनाही पाळायला लावला.

रविवारी सुलेमानसाठी तीन बाटल्या घेऊन मी निडीला निघालो, तेव्हा स्पिरिट घातलेल्या बाटल्या टेबलावर तयार होत्या. त्या मी परत ठेवल्या आणि कोऱ्या उचलल्या. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाच्या घरात मद्यार्क कसा ठेवायचा, असे माझ्या मनात आले. त्याला न विचारताच मी ते ठरवून टाकले. बाटली भरली की लगेच पोचव, एवढेच त्याला सांगितले. तो व्हय म्हणाला आणि त्याने मला जेवल्याशिवाय सोडले नाही. तो स्वतः येणार होता. पण गुडघ्यामुळे प्रयोगशाळेचा जिना चढवेना, म्हणून बतूलकडे बाटली दिली.

आमच्या वहीत दोन रकाने आहेत: नमुना दिल्याची वेळ आणि नमुना मिळाल्याची वेळ. पहिला रकाना, म्हणजे बाटली भरली ती वेळ, मी प्रत्येकाला विचारून भरतो. बतूलने वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली कापडी पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली आणि नजर दाराकडे वळवली. मागे चार माणसे उभी होती. वडिलांनी लघवी किती वाजता केली, हे त्या मुलीला सर्वांसमक्ष विचारायला माझी जीभ वळेना. गाडीची वेळ मला पाठ होती. तिच्यावरून अंदाज बांधला आणि लिहिले: ७.५५. मंगळवारी आणि बुधवारीही तेच लिहिले.

काचपट्ट्या मी केल्या आणि डॉक्टर मनस्वी यांनी तपासल्या. त्या आठवड्यातून तीन दिवस येतात. पेशींच्या कडा विरल्या होत्या, केंद्रके फिकट पडली होती. नमुना किती वेळ पडून होता, असे त्यांनी मला विचारले. मी वही पुढे केली. पंचावन्न मिनिटे म्हणजे चालण्यासारखे होते. त्यांनी अहवालात लिहिले की असामान्य पेशी आढळल्या नाहीत. पण पेशी झिजलेल्या असल्याने गरज वाटल्यास तपासणी पुन्हा करावी.

सुलेमानला मी फोनवर फक्त पहिले वाक्य वाचून दाखवले. दुसरे त्याने कागदावर वाचले असेल किंवा नसेल. गोळ्यांनी रक्त थांबले होते. ईदला त्याने बतूलबरोबर शीरखुर्म्याचा डबा पाठवला आणि निरोप दिला की तुझ्या काचेवर माझा भरवसा आहे.

१५ एप्रिल २०२५ रोजी, पुन्हा रक्त गेल्यावर, पनवेलला दुर्बीण घालून पाहिले. गाठ मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचली होती. शेवटच्या बाटलीला त्या दिवशी एकशे पंचवीस दिवस झाले होते.

मे महिन्यात, मूत्राशय काढल्यावर, मी निडीला गेलो. सुलेमान ओटीवर खाटेवर उशीला टेकून बसला होता. पोटाला पिशवी लावलेली होती आणि तिच्यावर त्याने नीट घडी घालून टॉवेल टाकला होता. माझी नजर चुकवण्याची धडपड पाहून तोच म्हणाला, "बघ की. तुझ्या धंद्यातलीच बाटली हाय, फक्त आता बाहेर लटकते."

मी हसू शकलो नाही. डिसेंबरात जे विचारायचे राहिले होते ते तेव्हा विचारले.

"तिन्ही दिवस पाच पस्तीसला," तो म्हणाला. "फजरच्या आधी. ती बाटली जवळ ठेवून नमाज होत नाय. म्हणून आधी भरायची, खिडकीत ठेवायची, मग हातपाय धुऊन वजू. बतूल निघाली की तिच्या पिशवीत."

"मला सांगायचंस."

"तू विचारलंस कुठं? नव्हतं चालत तर तूच बोलला असतास, असं मला वाटलं." मग थोडा वेळ तो टॉवेलची घडी सारखी करत राहिला. "आमच्या आळीतल्या आमनालाही तुझ्याकडूनच बाटली आली होती. तिच्यात औषध होतं. मला कोरी का दिलीस?"

मी कारण सांगितले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"एकतीस वर्षं कंपनीत स्पिरिटनंच हात पुसले, जगन. औषधाला कोण नाय म्हणतंय?"

रागाचा एक शब्दही तो बोलला नाही. चहा येईपर्यंत आम्ही आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेविषयी बोलत बसलो. निघताना त्याने माझा हात धरला आणि बतूलला यातले काही कळू देऊ नको असे सांगितले. बाटली आपण नेली होती, हे ती मनाला लावून घेईल. मी मान डोलावली. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले, कारण त्या वचनाच्या आड माझी वहीही झाकली जात होती.

५ सप्टेंबर २०२५ रोजी सुलेमान गेला.

पंधरा दिवसांनी बतूल कागदपत्रांच्या प्रती मागायला आली. कारखान्याच्या निवृत्तांसाठीच्या मदतीच्या अर्जाला त्या जोडायच्या होत्या. नोंदवहीची प्रतही हवी होती, म्हणून मी वही उघडून तिच्याकडे फिरवली. ती शिक्षिका आहे; ओळीवर बोट ठेवून वाचते. बोट एका रकान्यावर थांबले.

"काका, ही सात पंचावन्न वेळ कोणी सांगितली? मी नाही सांगितली. मला कोणी विचारलंच नव्हतं." ती बोटाने खालच्या दोन ओळी पाहू लागली. "तेव्हा तर मी स्टेशनवर होते. बाटली पिशवीतच होती. माझ्यामुळे उशीर झाला का?"

नाही म्हणालो असतो तर सुलेमानला दिलेला शब्द राहिला असता. पण ती नाही या उत्तरावर विश्वास ठेवणार नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. ती आयुष्यभर ती पिशवी खांद्यावर घेऊन फिरली असती.

"कोणी नाही सांगितली," मी म्हणालो. "मी अंदाजाने लिहिली. तुझ्या अब्बांना कोरी बाटली मी दिली, म्हणून वेळेला महत्त्व आलं. स्पिरिट असतं तर तू दुपारी आणली असतीस तरी चाललं असतं."

तिने विचारले की खरी वेळ कोणती. मी सांगितली. मग तिने स्वतःच्या पर्समधले लाल पेन काढून माझ्यापुढे ठेवले.

अडतीस वर्षांत माझ्या कुठल्याच वहीत खाडाखोड झालेली नव्हती. मी तिन्ही ओळींतल्या ७.५५ वर एक-एक आडवी रेघ मारली, वर ५.३५ लिहिले, बाजूला सही केली, तारीख घातली. बतूलने वही आपल्याकडे ओढून सगळे पुन्हा वाचले आणि शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे मी पहिल्या नमुन्याचा विलंब लिहिला: १९५ मिनिटे.