पोळ्याच्या दिवशी भरलेली मोटार

लढाईच्या दिवसांत पेट्रोल आधी चिठ्ठीवर मिळू लागलं, मग चिठ्ठी दाखवूनही मिळेना. तेव्हा सुरतेकडच्या एका शेठनं धुळ्याच्या रस्त्यावर बॅटरीच्या मोटारी सोडल्या. धूर नाही, धडधड नाही, नव्या सुनेसारख्या खालमानेनं चालायच्या. खोड एकच. विसरवाडीला येईतो त्यांचा जीव संपायचा. तिथं पोटभर वीज भरल्याशिवाय त्या कोंडाईबारीचा घाट चढत नसत.

आता विसरवाडीत थांबायचं म्हणजे सुपडूच्या दारात, ही बापजाद्यांपासूनची रीत. घाटासाठी जादा बैलजोडी त्याच्याकडे मिळायची. गाडीवाले त्याच्या ओट्यावर भाकरी सोडायचे, आणि दुनियेतली कुठलीही बातमी आधी सुपडूच्या कानावर पडून मग गावात जायची. पण मोटारीला बैल काय कामाचे? समोर, रस्त्यापलीकडे, त्याचा साडू भाईदास पिठाची गिरणी चालवायचा. मोहाच्या बियांच्या तेलावर चालणारं इंजिन होतं त्याचं. त्यानं इंजिनाला डायनामो जोडला आणि मोटारी त्याच्या दारात लागू लागल्या. वीज भरायला अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ उतारू भाईदासच्या ओट्यावर चहा पीत आणि बातम्या सांगत.

सुपडू आपल्या ओट्यावर पाठ फिरवून बसायचा. पण कान काही पाठ फिरवत नाहीत.

"आयकी ऱ्हायनात का?" त्याची बायको दगूबाई घरातून म्हणायची. "मन्ही बहीण वत्सलाना दारमा बिनतेलना दिवा लागी गया. आपला दारमा काय शे? शेन!"

"माले काय करनं शे?" सुपडू म्हणायचा आणि विडी उलट्या टोकानं पेटवायचा.

शेवटी त्यानं नवापूरहून एका मोडक्या लॉरीचा डायनामो आणला, तो आपल्या तेलघाण्याला बांधला आणि घाण्याला पाखऱ्या-ढवळ्याची जोडी जुंपली. शेठच्या मोटारी वाढल्या होत्या, भाईदासकडे रांग लागायची. एका दिवशी रायसिंग ड्रायव्हर वैतागून रस्ता ओलांडून आला. "सुपडूभाऊ, तठे दोन मोटारी लागेल शेतस. मन्ही भरी देशात का?"

बैल फिरले, मोटारीतल्या तबकडीचा काटा हलला, संध्याकाळी मोटार निघाली. घाट तिनं असा चढला की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. खांदा पाडून, फुरफुरत, एकदाही मागं न सरता. पण परत आल्यावर रायसिंगनं हात जोडले. "भाऊ, हाई मोटार नाला दिसना का पानी पेवाले थांबस! दुपारले बाभूयखाले बठी जास! मी हाकलं नही तरी सांजले तुमनाच दारमा ई उभी!"

बैलांची वीज ती, बैलांसारखीच चालणार. सुपडूला मोठी धन्यता वाटली. पण समोर भाईदासनं दुसरा दिवा लावला, आणि धन्यता एका रात्रीत आंबून गेली.

मग पोळा आला. बैलांची शिंगं रंगली, पाठीवर झुली पडल्या. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, हे काही सुपडूला सांगावं लागत नव्हतं. पण इंजिनाला कुठला पोळा? भाईदासचं इंजिन सकाळपासून धडधडत होतं, ओटा उतारूंनी भरला होता, वत्सलाबाई पुरणपोळ्या वाढत होती. आणि नेमकी रायसिंगची मोटार येऊन सुपडूच्या दारात सवयीनं उभी राहिली.

"आज बैल नहीत. मी भाईदासकडे लई जास," रायसिंग म्हणाला.

सुपडूनं डोक्याचा फेटा सोडला, घडी करून स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि त्यावर जू घेतलं.

घाण्याचा फेरा असा होता की दर वळणाला भाईदासचा ओटा समोर यायचा. एका फेऱ्याला दिवे दिसले. एका फेऱ्याला उतारूंचा हशा. एका फेऱ्याला तर दगूबाईच तिथं बसलेली, बहिणीच्या हातची पोळी तुपात बुडवत! सुपडूनं दातओठ खाल्ले आणि असा पाय उचलला की तबकडीचा काटा टोकाला जाऊन वाकडा झाला.

रायसिंगनं मोटार सुरू केली. तिनं घाटाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ रस्ता ओलांडला, भाईदासच्या उंबऱ्याला नाक लावलं आणि दोन्ही दिवे वटारून उभी राहिली.

मागं ओढली, तर दोन पावलं सरून पुन्हा तिथंच. भाईदासनं चहा पुढे केला की ती भोंग्यातून घुरघुरायची. त्यानं दिवा लावला की तिचे दिवे त्याहून लालबुंद व्हायचे.

दगूबाईनं पदर तोंडाला लावला. "दखा वो दखा! हाई ते आमना घरना मानूसनीच नजर शे!"

अख्खी विसरवाडी हसली. 'माले काय करनं शे' म्हणणाऱ्याच्या पोटात काय होतं, ते दोन दिव्यांच्या उजेडात चव्हाट्यावर आलं होतं. सुपडू आत जाऊन दार लावून बसला. आणि वाईट हे, की त्यानं स्वतः भरलेली मोटार भाईदासच्या दारात! ती बघायला लोक मोलगीच्या डोंगरातून उतरू लागले, आणि तेही भाईदासकडेच चहा प्यायचे.

अमावास्या गेली, पौर्णिमा आली, तरी मोटारीचे दिवे काही विझेनात. आधी भाईदासला गंमत वाटली, मग झोप येईनाशी झाली. शेवटी तो रस्ता ओलांडून आला आणि सुपडूची कडी वाजवली.

"साडू, खरं सांगा. मन्हा इंजिननी वीज घाट चढताच सरी जास. तुमनी इतला दिन झायात तरी सरत नही. तुम्ही तिन्हामा काय टाकं?" बोलता बोलता त्याचा आवाज आंबट झाला. "आशी वीज माले कसाले जमत नही?"

सुपडूनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. नीट, सावकाश बघितलं. आणि पोळ्यापासून पहिल्यांदा त्याच्या पोटात थंडगार वाटलं.

त्याच क्षणी समोर मोटारीचे दिवे फसकन विझले.

रिकामी मोटार ढकलत सुपडूच्या दारात आणली. ढकलणाऱ्यांत भाईदासही होता. सुपडूनं मोठ्या थाटात जू खांद्यावर घेतलं, फेरे मारले, घाम गाळला. काटा जागचा हलला नाही. पोटात काही उरलंच नव्हतं.

आता लोक सगळे इकडे जमले होते, सुपडूच्या ओट्यावर. रायसिंग तिथंच मांडी घालून धुळ्याची बातमी सांगत होता. भाईदासनं वळून आपल्या ओट्याकडे बघितलं. दोन दिवे जळत होते, खाली चिटपाखरू नव्हतं.

"सरका साडू," तो म्हणाला, आणि जू आपल्या खांद्यावर घेतलं.

पहिल्याच फेऱ्याला काटा टुणकन उडाला.