स्टँपरच्या ओसरीवरची पाटी

पेट्रोल पंपावर व्हॅन उभी होती आणि आत एकाच चर्चमधली तेरा म्हातारी माणसं दोन तीर्थक्षेत्रांवरून भांडत होती. गाडी हाकणाऱ्या ब्रदर एस्टिलला संध्याकाळच्या आत केंटकीत परतायचं होतं, म्हणजे दोन्हीपैकी एकच ठिकाण जमणार होतं. एक ब्रिस्टल, जिथे डोंगरातली गाणी तबकड्यांवर चढली आणि जगभर गेली. दुसरं प्रसिद्ध गायक व्हर्नल स्टँपरचं जन्मघर. तिथे खुद्द व्हर्नल दर शनिवारी ओसरीवर बसून लोकांना दर्शन देत असे. आज शनिवार होता.

"ब्रिस्टलला सगळी मेलेली माणसं," डेल्फी म्हणाली. "व्हर्नल निदान जिवंत आहे."

"त्याची गाणी ऐकून तसं वाटत नाही," एस्टिल म्हणाला.

हात वर झाले. सहा इकडे, सहा तिकडे. उरली ऑर्फा कॉडिल, आणि सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी सापडलं.

कारण सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. एकोणसत्तर साली ऑर्फाचा भाऊ कारखान्यात कामाला डेटनला गेला आणि त्याचा एक शर्ट वाळत घातलेल्या दोरीवरच राहिला. वीस वर्षांच्या ऑर्फानं त्यावर गाणं रचलं आणि घेवड्याच्या शिरा काढता काढता ते आपल्याच अंगणात म्हटलं. तेव्हा शेजारी राहणारा, त्यांच्याच चर्चमधला व्हर्नल मदतीला बसला होता. एरवी तोंडाची टकळी थांबत नसे, त्या दिवशी मात्र गप्प राहून शिरा काढत होता. चार वर्षांनी ते गाणं रेडिओवर आलं, व्हर्नलच्या नावानं. ऑर्फानं रेकॉर्ड कंपनीला पत्र घातलं. उत्तरादाखल व्हर्नलचा सही केलेला फोटो आला. तो तिनं कोंबड्यांच्या खुराड्यात लावला. पुढचं कोंबड्यांनी पाहिलं.

"व्हर्नलकडे," ऑर्फा म्हणाली.

"सिस्टर," एस्टिल भारावून म्हणाला, "क्षमा केलीस त्याला?"

"गाडी सुरू कर, ब्रदर."

वाटेत भजनं झाली. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य नाही, सुरांची वही नाही. एकानं भरभर ओळ द्यायची आणि सगळ्यांनी ती सावकाश, हेलकावे देत उचलायची. पोर आईच्या मांडीवर असल्यापासून हे शिकतं, मग त्यात डोकं लागत नाही. खिडकीला डोकं टेकून घोरणाऱ्या डेल्फीनंसुद्धा एस्टिलनं दिलेली ओळ झोपेतच बिनचूक उचलली आणि पुन्हा घोरू लागली. ऑर्फा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तोवर तिच्यापाशी बेत असा नव्हता. नुसता राग होता, आणि तो मात्र तिनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं तेलपाणी करून ठेवला होता.

व्हर्नल हॅट घालून, नव्या दातांनिशी ओसरीवर बसला होता. दाराशेजारी पितळी पाटी: 'दोरीवरचा शर्ट हे अमर गीत व्हर्नल स्टँपर यांनी याच ओसरीवर रचले.' समोर पन्नासेक माणसं. एक मुलगी कॅमेरा घेऊन उभी, ती हे सगळं घरोघरी थेट दाखवत होती.

"दोरीवर माझ्या भावाचा शर्ट होता," व्हर्नल सांगत होता, आणि डोळ्यांना रुमाल लावत होता. व्हर्नलला भाऊ नव्हता. पाच बहिणी होत्या.

"कुणाला काही विचारायचंय?"

ऑर्फा उभी राहिली.

"ऑर्फा कॉडिल!" व्हर्नलचे नवे दात क्षणभर दिसेनासे झाले. "तू आहेस अजून?"

"तुझ्यासाठीच थांबलेय. विचारायचं काही नाही. गावची माणसं आलीत, एक भजन होऊ दे. मी ओळ देते."

व्हर्नल खुशीत आला. त्यानं हॅट काढून छातीशी धरली; कॅमेऱ्यात ते छान दिसतं. डोळे मिटले.

*नदीपैल दिवा दिसे, चालत जाईन मी.*

ऑर्फा सोडून बाकीच्या बारांनी ओळ उचलली, तेरावा आवाज व्हर्नलचा.

*ओझे खांद्यावरले सारे उतरून ठेवीन मी.*

समोरची माणसं नाकं पुसू लागली. ऑर्फानं श्वास घेतला आणि त्याच चालीत, त्याच घाईनं तिसरी ओळ दिली:

*गाणे ऑर्फाने रचिले, चोरून नेले मी.*

मंडळीनं उचलली. व्हर्नलनंही उचलली. 'चोरून'ला पाच हेलकावे होते, त्यानं पाचही घेतले, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर घेतले. 'नेले'ला त्याचे डोळे उघडले. पण ओळ अर्ध्यावर सोडणाऱ्याला त्याच्या आईनं भर चर्चमध्ये कानफटात लगावली असती. 'मी' त्यानं शेवटपर्यंत लांबवला.



"मी काही नेलं नाही हं," डेल्फीनं कॅमेऱ्याला सांगितलं.

पहिल्या रांगेतल्या ओहायोच्या एका बाईंनी विचारलं, "हे कडवं रेकॉर्डवर नाहीये ना?"

"नाही बाई," ऑर्फा म्हणाली. "ते त्याला आज सुचलं."

"कॅमेरा बंद कर," व्हर्नल पुटपुटला.

"सर, इतके लोक कधीच बघत नव्हते," मुलगी म्हणाली.

व्हर्नल ऑर्फाजवळ आला. दात आवळूनच बोलला, "काय पाहिजे तुला?"

"पाटी."

"ती स्क्रूनं पक्की केलीय."

"ब्रदर एस्टिल, गाडीत स्क्रूड्रायव्हर असेल ना?"

न केलेल्या चोरीची जगासमोर कबुली देऊन बसलेल्या एस्टिलला हाताला काहीतरी काम हवंच होतं. तो जवळजवळ धावतच गेला. तीन स्क्रू मुकाट्यानं निघाले. चौथा गंजला होता.

"हा उपटावा लागेल, सिस्टर. भिंतीचा टवका जाईल."

"जाऊ दे," ऑर्फा म्हणाली, आणि नीट दिसावं म्हणून पुढच्या रांगेत जाऊन बसली.